खापर क्रमांक एक ते चार

आणि वर मलाच विचारतात, "आधी का नाही बोललीस?" मला! अहो, ज्या घरात नऊ वर्षं मला स्वतःचं एक वाक्य बोलायला उसंत मिळाली नाही, त्या घरातली माणसं मला विचारतात, आधी का नाही बोललीस. तुम्हाला सांगते, इतका राग आलाय ना मला... पण माझा राग कुणाला दिसतच नाही, तोच तर सगळा घोळ आहे. मी रागावले की गप्प बसते, आणि मी एरवीही गप्पच असते, त्यामुळे फरक कळायला काही मार्ग नाही. पाहुणे येतात, माझ्याकडे बघतात आणि आईला म्हणतात, किती शांत मुलगी आहे हो तुमची. शांत! आत दूध उतू जातंय, गॅस विझायची वेळ आली आहे, आणि वरून म्हणे शांत.

त्यावर मी काही बोलले? नाही बोलले.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल, नीट सांगितलं नाहीस.

तर मूळ विषय खोली. मला एक खोली हवी होती, बस्स. राजवाडा नको, गच्ची नको, चार भिंती, एक खिडकी आणि दाराला आतून कडी. आतून! हे महत्त्वाचं. सध्या मी आत्याच्या खोलीत असते. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, प्रेमळ आहे, मी नाही म्हणत नाही, पण खोली तिची आहे आणि मी त्या खोलीत ठेवलेली आहे, जशी तिची शिवणाची पेटी ठेवलेली आहे. माझं अभ्यासाचं टेबल म्हणजे तिचं इस्त्रीचं टेबल. मी भूमितीचं पुस्तक उघडलं की तिला बरोबर आठवतं, अगंबाई, पडद्यांना इस्त्री राहिली. माझी भूमितीची वही कायम कोमट असते. शाळेचं शेवटचं वर्ष आहे, सगळं जग मला सांगतंय की हे महत्त्वाचं वर्ष आहे, आणि मी प्रमेय सोडवतेय कुठे, तर उशीच्या अभ्र्यांच्या चळतीवर वही टेकवून.

आणि बोलणं! आत्याचं आणि काकाचं बोलणं बंद आहे. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो, जेवायला खाली येतो, आत्याच्या समोरच्याच खुर्चीत बसतो, आणि नऊ वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. थेट बोललेले नाहीत. माझ्यातून बोलतात. आत्या म्हणते, "त्याला सांग, पंखा कमी कर." आता तो हातभर अंतरावर बसलाय, कान शाबूत आहेत, ऐकू आलंय, पण हलणार नाही. मी म्हणायचं, काका, आत्या म्हणते पंखा कमी कर. मग काका भाकरीच्या तुकड्याकडे बघत म्हणतो, "तिला सांग, मला उकडतंय." मी मान वळवायची, आत्या, काकाला उकडतंय. "त्याला सांग, उकडतं तर गच्चीत जाऊन जेव." असं वाढण्यापासून हात धुण्यापर्यंत. शाळेत बाई म्हणतात, तू वर्गात बोलत का नाहीस? अहो बाई, माझ्या तोंडातून सगळ्या घराचं बोलणं जातं, माझं जायला वाट कुठे उरते?

आणि हे बोलणं बंद का झालं, तर एका फुलदाणीवरून.

आत्या एकदा तीन महिने मातीकामाच्या वर्गाला जात होती. चाकावर बसलं की तिला गरगरायचं, म्हणून तिने हातानेच थापून एक वस्तू केली. तीन महिन्यांत एकच. ती म्हणायची फुलदाणी. काका म्हणायचा, घागर व्हायला निघालेलं काहीतरी, वाटेत विचार बदललेलं. एका बाजूला कललेली होती, रंग भाजलेल्या विटेचा. पण आत्याने ती बाहेरच्या खोलीत फळीवर मांडली, आणि आलेल्या प्रत्येक माणसाला तिच्यासमोर उभं करायची. आणि मी सहा वर्षांची असताना ती माझ्या हातून फुटली. मला बाहुलीसाठी विहीर हवी होती, स्टूल घेतलं, फुलदाणी काढली, आणि... झालं. घरात कुणी नव्हतं. म्हणजे खाली नव्हतं.

मी काय केलं? सगळे तुकडे फ्रॉकमध्ये भरले, स्वयंपाकघरातली पळी घेतली आणि मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खांबाशी खड्डा खणून पुरून टाकले. पण पुरण्याआधी... आमच्या पहिलीच्या बाईंनी शिकवलं होतं, चूक झाली की लपवायची नाही, लिहून काढायची. मी लहानपणापासून आज्ञाधारक. लपवतही होते आणि लिहूनही काढत होते. चार मोठे तुकडे निवडले आणि खिळ्याने एकेकावर एकेक अक्षर कोरलं. मी. चु. क. ले. मग पुरले.

हात धुऊन आत आले तर बाहेरच्या खोलीत आत्या आलेली, आणि रिकाम्या फळीसमोर कोण उभा? काका. हातात काय? हातोडा! कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा मारायला आला होता बिचारा. आता तुम्हीच सांगा, फुलदाणी गायब, समोर काका, हातात हातोडा, आणि वर दोन वर्षं तिला घागर म्हणत आलेला. तो म्हणत राहिला, मी नाही फोडली, मी नाही फोडली. खापर फुटलं ते त्याच्याच डोक्यावर. आत्याने माझ्याकडे वळून पहिलं वाक्य म्हटलं, "त्याला सांग, पुन्हा माझ्याशी बोलायचं नाही."

आणि मी? मी सांगितलं. काका, आत्या म्हणते पुन्हा तिच्याशी बोलायचं नाही. दुसरं काही बोलले? नाही बोलले.

तर असं नऊ वर्षं चाललं होतं. आणि यंदा बाबा एके दिवशी ऑफिसातून आले आणि म्हणाले, मागच्या अंगणात हिला एक खोली बांधू. तुम्हाला सांगते, मी आनंदाने इतकी गप्प बसले की आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

बांधकाम करणारा कंत्राटदार आला, अंगणात दोन चकरा मारल्या, पायाने जमीन ठोकली आणि म्हणाला, सहा आठवड्यांत चावी हातात देतो. बाबांनी विचारलं, पाया खणताना काही जुनंबिनं लागलं तर? आमच्या गावाखाली जुनं गाव आहे म्हणतात, कुठेही खणा, काहीतरी वर येतं. कंत्राटदाराने बाबांना जरा बाजूला घेतलं, पण मी तिथेच होते, मी कुठेही असले तरी लोकांना ती बाजूलाच वाटते. तो म्हणाला, "साहेब, काही लागलं तर ते मला लागलं, तुम्हाला नाही. जेवणाच्या सुट्टीच्या आत बुजवतो."

हा एक सल्ला. पण बाबा पडले सरळमार्गी. त्यांच्या ऑफिसातल्या एकाने न विचारता गाडीसाठी शेड बांधायला घेतली, तीन फुटांवर जुनी फरशी लागली, कुणीतरी तक्रार केली आणि काम थांबलं ते दोन वर्षं. गाडी बाहेर, खड्डा आत. म्हणून बाबा आधीच वारसा सल्लागार बाईंकडे गेले. अशा बाई असतात. बांधकामाच्या आधी येतात, जमीन बघतात, घरमालकाला आणि बिल्डरला सांगतात की इथे खणा, इथे नको, हे सापडलं तर असं करा. उंच, डोक्याला टोपी, पॅन्टला गुडघ्यावर जाड ठिगळं, कानामागे पेन्सिल. काहीही दाखवा, म्हणायच्या, "याची नोंद करावी लागेल." बाबांनी पाणी दिलं तरी मला वाटलं, आता नोंद करतात. मी मनात त्यांचं नाव नोंदबाई ठेवलं.

नोंदबाईंनी एक पुस्तिका दिली, घरमालकांनी घ्यायची काळजी. बाबांनी ती जेवताना मोठ्याने वाचली. आधी विचारा, मग खणा. काही सापडल्यास काम थांबवा. सापडलेली वस्तू हलवू नका, धुऊ नका, घासू नका. काका म्हणाला, "तिला सांग, हेच नियम भांड्यांना लावले तर मला घासावी लागणार नाहीत." मी सांगितलं. आत्या म्हणाली, त्याला सांग, भांडी न फोडणं हाही एक नियम आहे. मी तेही सांगितलं. मान खाली घालून सांगितलं.

मग आला अर्ज. आमच्या घरात कुठलाही अर्ज आला की हाक मला. अक्षर चांगलं आहे ना! बोलत नाही तर नाही, लिहिते तरी, असं सगळ्यांचं मत. तर मी भरतेय, मालकाचं नाव, जागेची लांबी, रुंदी, आणि आला प्रश्न सातवा. "सदर जागेत यापूर्वी खोदकाम झाले आहे काय? झाले असल्यास कोणी, केव्हा व किती खोल?"

माझं पेन थांबलं. बाबा खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "लिही, नाही. कोण खणणार तिथे? ठळक लिही, त्यांना बरं वाटेल."

आता तिथे बोलायचं होतं, मला कळतं. कोणी, तर मी. केव्हा, तर सहाव्या वर्षी. कशाने, असं विचारलं नव्हतं, पण पळीने. पण बोलले असते तर काय झालं असतं? फुलदाणी निघाली असती, काका निघाला असता, नऊ वर्षं निघाली असती, आणि ज्या आत्याच्या खोलीत मला रोज राहायचंय त्या आत्याचं तोंड... मी काही बोलले? नाही बोलले. उलट लिहिलं. "नाही." असा सुरेख, ठळक, घोटून काढलेला "नाही" मी जन्मात दुसरा लिहिलेला नाही.

आणि बघा, सगळी माती खाल्ली ती त्या "नाही"ने.

शनिवारी सकाळी नोंदबाई आल्या. चार खुंट्या, सुतळी, दोन हात लांब दोन हात रुंद असा चौकोन आखला, चाचणीचा खड्डा म्हणे. सगळं अंगण सोडून कुठे आखावा? दोरीच्या खांबाशी! का, तर खोलीचा कोपरा तिथे येतो. बाबांनी खुर्च्या मांडल्या, आई चहा घेऊन आली, आत्या एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, मध्ये मी. नाटकाला बसावं तसे. आणि बाई गवंड्याच्या थापीसारख्या छोट्या थापीने मातीचा पापुद्रा पापुद्रा काढताहेत. वीतभर गेल्या नाहीत तोच टिक् असा आवाज झाला.

बाईंनी ब्रशने माती झटकली. खापर. मग दुसरं. मग तिसरं. आणि चौथ्यावर बाई थांबल्या, डोळे बारीक केले, म्हणाल्या, यावर काहीतरी कोरलंय.

आता ऐका हं, बाई काही मूर्ख नव्हत्या. त्यांनी माती बोटांत चुरडली, कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, "ही माती मला ढवळलेली वाटते. इथे कुणीतरी आधी खणलंय." मी मनात म्हटलं, चला, माती बोलली, आता मला बोलायला नको. पण मग त्यांनी फाइल उघडली. प्रश्न सातवा. बोट ठेवलं. "पण अर्जात तर नाही म्हटलंय. मग माती मूळचीच धरावी लागेल." बघा! समोर माती ओरडून सांगतेय, पण माती काय, मातीला अक्षर थोडंच चांगलं असतं? ज्याचं अक्षर चांगलं त्याचं खरं!

बाई खापर हातात फिरवत लिहून घेत होत्या आणि लिहिता लिहिता बोलत होत्या. चाकावरचं नाही, हाताने थापलेलं. भाजणी कच्ची. जाडी कुठे कमी, कुठे जास्त. "घडवणाऱ्याचा हात अजून बसलेला नसावा," म्हणाल्या, "फारच सुरुवातीची अवस्था." आणि आत्या, माझी आत्या, खुर्चीतून पुढे वाकून म्हणाली, "बिचारी माणसं. साधनं कुठे होती तेव्हा."

तुम्ही म्हणाल, तिला तिची फुलदाणी ओळखू आली नाही? कशी येईल? एक तर चिखलाने माखलेली, आणि धुवायची तर मनाई. आणि दुसरं म्हणजे नऊ वर्षांत तिच्या आठवणीत ती फुलदाणी दरवर्षी थोडी थोडी सुंदर होत गेली होती. आता ती जवळजवळ काचेची झाली होती.

तर खापर क्रमांक एक ते चार, असं लिहून बाईंनी ती कापसात गुंडाळून डब्यात ठेवली, आणि म्हणाल्या, अक्षरं असल्यामुळे लिपी वाचणारे तज्ज्ञ बोलवावे लागतील. तोपर्यंत काम बंद.

किती दिवस? तीन आठवडे! कंत्राटदार आपली माप घ्यायची फीत गुंडाळून दुसऱ्या कामावर निघून गेला, जाताना बाबांकडे असं बघून गेला की जेवणाच्या सुट्टीची आठवण यावी. माझी परीक्षा जवळ, आत्याला पडद्यांनंतर चादरी आठवल्या, आणि बाबा... बाबा बदललेच. आधी म्हणायचे, माझ्या मुलीला खोली बांधतोय. आता रस्त्यात कुणी भेटलं की, "आमच्याकडे सापडलंय." खोलीचं नावच नाही. जसं काही मी कधी नव्हतेच, आणि खापरं मात्र पहिल्यापासून होती. काका एकदा जेवताना म्हणाला, "तिला सांग, घरातला जिवंत माणूस नऊ वर्षं ओरडतोय त्याचं कुणी ऐकलं नाही, आणि खापर काय म्हणतंय ते ऐकायला माणूस बोलावलाय." मी सांगायला तोंड उघडलं आणि मला सांगताच येईना. पहिल्यांदाच निरोप पोचला नाही.

मी प्रयत्न केला हो, नाही असं नाही. आईला म्हटलं, आई, ते खापर... आई म्हणाली, हो ना गं, किती जुनं असेल. एकदा चिठ्ठी लिहिली, "आत्या, ते तुझंच आहे," आणि तिच्या चष्म्याच्या घरात ठेवली. आत्याने वाचली, चष्म्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं माझंच आहे, दुसऱ्याचा चष्मा मी कशाला घालीन?" झालं. आता यावर माणसाने काय लिहावं?

शेवटी लिपीतज्ज्ञ आले. वयस्कर, नीटनेटके, खिशात भिंग, बोलणं असं की प्रत्येक वाक्याआधी एक घोट पाणी प्यायल्यासारखं थांबायचं. पुन्हा खुर्च्या, पुन्हा चहा. या वेळी शेजारचेही दोघंतिघं, आणि कंत्राटदार कुंपणाला टेकून, हाताची घडी घालून. टेबलावर कापूस, कापसावर चार खापरं. आणि टेबल कुठलं? इस्त्रीचं! माझं टेबल!

तज्ज्ञांनी भिंग लावलं. पहिलं खापर. म्हणाले, हा माणूस असावा, छत्राखाली उभा. म्हणजे अधिकारी माणूस. माझा "मी"! दुसरं उचललं. "हा नांगर दिसतो. म्हणजे शेती होती." माझा "चु"! मला लहानपणी च उलटा यायचा, पोट उजवीकडे, आणि खाली उकार लोंबत, त्याला ते नांगराचा फाळ म्हणाले. बाबा म्हणाले, वा. मग तज्ज्ञ म्हणाले, आणखी एक गोष्ट, अक्षरांवर आडवी रेघ नाही. म्हणजे ही लिपी ती रेघ यायच्या आधीची असली पाहिजे. बरंच मागे जावं लागेल.

आडवी रेघ! अहो, ती मी विसरायचे! पहिलीच्या बाई रोज वहीत लाल शेरा मारायच्या, अक्षरांना छप्पर घाल, भिजतील. माझा विसराळूपणा त्यांनी इतिहासात किती मागे नेऊन ठेवला बघा. मी काही बोलले? नाही बोलले.

आणि मग नोंदबाई म्हणाल्या, असं असेल तर ही जागा कायमची राखून ठेवावी लागेल, इथे काही बांधता येणार नाही. आणि बाबांनी मान डोलावली.

मान डोलावली! हसून! गाणं ऐकताना डोलावतात तशी! चार भिंती, खिडकी, आतली कडी, सगळं त्या एका मानेवरून खाली घरंगळलं आणि त्यांना पत्ताही नाही. तुम्हाला सांगते, तेव्हा माझ्या आत जे नऊ वर्षं उतू जात होतं ना, ते वर आलं.

"तो च आहे."

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. बाबांनी खिडकीतल्या रेडिओकडे पाहिलं. माझा आवाज कुणाला ओळखूच आला नाही हो! माझ्याच घरात!

मग मी उभी राहिले. म्हटलं, तो नांगर नाही, च आहे. उलटा काढलाय, मला तेव्हा तसाच यायचा. आणि छप्पर घालायचं राहायचं. मी पुढे गेले, नोंदबाई हलवू नका हलवू नका म्हणत होत्या, पण मी चारी खापरं उचलून ओळीने लावली आणि एकेकावर बोट ठेवून वाचलं. "मी चुकले." म्हटलं, ही आत्याची फुलदाणी आहे. काकाने नाही फोडली. मी फोडली. पळीने खड्डा खणून पुरली.

चहाच्या कपावरची माशी हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

सगळ्यात आधी सावरले ते तज्ज्ञ. भिंग खिशात ठेवून म्हणाले, तरी वाचन अगदीच चुकलं असं नाही. पहिलं चिन्ह माणसाचं, हे मी म्हणालोच होतो. "मी" म्हणजे माणूसच.

आत्याने खापर क्रमांक दोन उचललं. अंगठ्याने माती पुसली. नियम होता, पण या वेळी बाई काही म्हणाल्या नाहीत. आत्या तो विटकरी तुकडा उन्हात फिरवत नोंदबाईंना हळूच म्हणाली, "घडवणाऱ्याचा हात बसलेला नसावा, असं म्हणाला होतात ना तुम्ही?" नोंदबाई जन्मात पहिल्यांदा काही नोंद न करता जमिनीकडे बघत बसल्या.

मला वाटलं, आता माझ्यावर फुटणार. पण आत्या माझ्याकडे वळलीच नाही. ती काकाकडे बघत होती. तो खुर्ची शेजाऱ्यांना देऊन मघापासून उभाच होता, उन्हात, नऊ वर्षं उभा असल्यासारखा. आत्याच्या तोंडून नेहमीचं "त्याला..." असं निघालं, आणि तिथेच अडलं. मग ती म्हणाली, "उन्हात काय उभा राहिलायस. ये, बस इथे."

काकाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तिला सांग, बसतो."

सवय हो, दुसरं काय. मी सांगितलं.

आता इथे ही गोष्ट संपायला हवी होती की नाही? फुलदाणी आत्याची, खापरं नऊ वर्षांची, जागा मोकळी. कंत्राटदार कुंपण सोडून पुढे आलासुद्धा, फीत बाहेर काढून. नोंदबाई म्हणाल्या, ठीक आहे, फक्त अर्ज दुरुस्त करावा लागेल, प्रश्न सातवा. मी पेन घेतलं. "नाही" खोडून "होय" लिहिलं. कोणी, मी. केव्हा, सहाव्या वर्षी. बाईंनी सहज विचारलं, किती खोल?

आता बघा, नऊ वर्षं मिटलेलं तोंड एकदा उघडलं की ते मिटायचं कसं हे कुणी शिकवलेलं नसतं. मी म्हटलं, कोपरापर्यंत हात जाईल एवढं. अजून खोल खणणार होते, पण खाली दगड लागला.

कंत्राटदार बाईंच्या पाठीमागून मला दोन्ही हातांनी खुणा करायला लागला, बास, बास.

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली. "दगड? एकच होता का?"

आणि इथे, तुम्हाला सांगते, इथे नुसतं "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर! पण मी आता खरं बोलायला लागले होते ना, अंगात आलं होतं. मी म्हटलं, "नाही." तोच शब्द! अर्जात खोटा लिहिला तेव्हाही माझ्याच मुळावर, खरा बोलले तेव्हाही माझ्याच मुळावर. नाही, ओळीत होते, तीन तरी, सपाट, आणि कडा अशा सरळ की पट्टीने आखल्यासारख्या. मला आठवतं, कारण मी पळी त्यांच्यावरून ओढली तेव्हा खटखट न होता सरसर आवाज आला होता.

कंत्राटदाराने फीत पुन्हा गुंडाळली.

बाई पुन्हा खड्ड्यात उतरल्या. आणि हातभर खाली निघाली एक नाली. खरी. घडीव दगडांची, एका अंगाने उतरती, आमच्या अंगणातून आरपार शेजारच्या भिंतीखाली गेलेली. या वेळी तज्ज्ञांना भिंगसुद्धा लागलं नाही. जुनी, खूप जुनी, कुणाच्या आत्याची नाही.

झालं. काम कायमचं बंद. अंगणाला चारी बाजूंनी दोरी लागली आहे, कपडे वाळत घालायचे ते आता आत्याच्या खोलीत. आणि आत्या-काकाचं बोलणं सुरू झालंय. झालंय म्हणजे काय, थांबतच नाही! नऊ वर्षांचं साठलेलं. त्या दिवशी पंखा कुणी चालू ठेवला होता, त्या आधीच्या वर्षी छत्री कुणी हरवली, सगळं आता थेट, समोरासमोर, आणि कुठे? आत्याच्या खोलीत! काका माझ्या खाटेवर बसून बोलतो. मध्ये मी नाही, पण खोलीत मी आहेच की! मी ओल्या चादरींच्या मागे भूमिती करतेय, तर आत्या डोकावून म्हणते, "अगं, तूच सांग, कोण बरोबर?"

आणि वर सगळे विचारतात, आधी का नाही बोललीस. बाबा विचारतात, आई विचारते, नोंदबाईंनीसुद्धा विचारलं. एकटा कंत्राटदार वेगळं विचारतो. तो रस्त्यात भेटला की म्हणतो, आत्ता तरी का बोललीस?

काल नोंदबाई पाटी घेऊन आल्या. कोरी. म्हणाल्या, तुझं अक्षर छान आहे, तूच लिही. मी ब्रश घेतला आणि लिहिलं, येथे खोदकाम करू नये. सावकाश, सरळ, एकेक अक्षर उभं, आणि वर पट्टी धरून मारल्यासारखी आडवी रेघ. बाईंनी मान तिरकी करून पाहिलं, म्हणाल्या, वा, आता कशी छपरं घातलीस अगदी.

हो ना. या अंगणात छप्पर मिळालं ते तेवढ्या अक्षरांना.

हे मी बाईंना बोलले? नाही बोलले. उगाच बोलायला जावं आणि त्यांनी पेन्सिल काढून विचारावं, किती खोल?